यादी अपुरीच आहे, तरी पाठवतोय

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, पण त्यात दोष तुझाच. "लेकीला सिनेमांचं वेड लागलंय, तुझ्या आवडत्या सिनेमांतले दहा संवाद तिला लिहून पाठव," एवढं एका ओळीत लिहून तू मोकळा झालास. मलाही ते दहा मिनिटांचं काम वाटलं. वही घेतली, समासात एक ते दहा आकडे घातले आणि तिथेच रुतलो. आज वहीची अकरा पानं भरलीत आणि यादी म्हणावी असं त्यात काही नाही.

झालं काय, पहिल्या आकड्यापुढे मी अर्थातच 'मेरे पास माँ है' लिहिलं. लिहून झाल्यावर त्याच्याकडे बघत बसलो. चार शब्द. सोळा वर्षांच्या मुलीनं हे कागदावर वाचलं तर तिला काय वाटेल? शाळेतल्या निबंधाचं पहिलं वाक्य वाटेल! आपल्या अंगावर काटा येतो तो या चार शब्दांनी येतच नाही. येतो तो त्याच्याआधी अमिताभनं वाचलेल्या पाढ्यामुळे: बंगला, गाडी, बँक बॅलन्स, आणि मग ते छाती काढून विचारणं, तुझ्याकडे काय आहे? सलीम-जावेदनी सगळा दारूगोळा थोरल्याच्या हातात दिला आणि धाकट्याला एकच गोळी. शशी कपूर आवाजसुद्धा चढवत नाही. 2009 मध्ये ऑस्कर घेताना ए. आर. रहमाननं हेच वाक्य व्यासपीठावर म्हटलं, तेव्हा त्याला पाठोपाठ अर्थ सांगावा लागला होता, की जवळ काही नसलं तरी माझी आई आहे. अर्थ बरोबर होता. पण अर्थ सांगितल्यावर त्या हॉलमधल्या लोकांपर्यंत 'दीवार'मधला तो पूल, ते दोन भाऊ आणि मधली सगळी वर्षं थोडीच पोचली असतील?

म्हणून पहिल्या आकड्यापुढचं खोडलं. मग पुन्हा लिहिलं. तुझ्या लेकीला सांग, काकाच्या वहीत पहिलीच ओळ तीनदा खोडलेली आहे.

दुसऱ्या आकड्याशी तर माझी आणि तुझी जुनी उधारी निघाली. 'कासाब्लांका'ची पैज विसरला नसशीलच. मी छातीठोकपणे सांगत होतो, की बाई पियानोवाल्याला म्हणते, 'प्ले इट अगेन, सॅम.' तू म्हणत होतास, 'अगेन' नाहीच. मी म्हणालो, माझ्या कानांनी ऐकलंय. हरेल त्यानं स्वतःच्या अक्षरात 'मी हरलो' असं लिहून द्यायचं, असं ठरलं होतं आणि मग ते राहून गेलं. (मी राहू दिलं, हे खरं.) परवा यादीच्या निमित्तानं सिनेमा पुन्हा लावला. 1942 चा सिनेमा, अजून तसाच तुकतुकीत. तर इल्सा म्हणते, 'प्ले इट, सॅम. प्ले अ‍ॅज टाइम गोज बाय.' संपलं. अगेन नाही. पुढे रात्री तिचा जुना प्रियकर रिक एकटा पीत बसलेला असतो, तो सॅमला म्हणतो, तिच्यासाठी वाजवलंस तर माझ्यासाठीही वाजवू शकतोस. तिला सोसवतं तर मलाही सोसवेल, वाजव! तिथेही अगेन नाही.

पण मी सहजासहजी शरण जाणारा नाही. आता बघ, तिनं एकदा सांगितलं, त्यानं दुसऱ्यांदा सांगितलं. गाणं जुनं, पॅरिसमधलं, आणि दोघांना ते पुन्हा ऐकायचंय. दोन्ही प्रसंगांत 'पुन्हा' ठासून भरलंय, फक्त ते कुणी बोलत नाही. लोकांच्या आठवणीनं ते दोन प्रसंग एकत्र शिवले आणि जो शब्द कुणीच उच्चारला नव्हता तो टाक्यात घातला. मला तर ही चूक वाटत नाही, हे चांगलं संपादन वाटतं.

तसंच ते 'स्टार वॉर्स'मधल्या खलनायकाचं, डार्थ व्हेडरचं. सगळं जग 'ल्यूक, आय अ‍ॅम युवर फादर' म्हणतं. 1980 च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये व्हेडर नायकाला, ल्यूकला, म्हणतो, 'नो, आय अ‍ॅम युवर फादर.' त्याचा 'नो' हे ल्यूकला दिलेलं उत्तर आहे. ल्यूक आत्ताच म्हणालाय, तू माझ्या बापाला मारलंस. प्रसंगातून वाक्य उपटून आणलं की तो 'नो' लोंबकळत राहतो, कुणाला नो? म्हणून लोकांनी त्याच्या जागी नाव घातलं, पार्सलावर पत्ता घालतात तसं. आणि याची गंमत अशी, की चित्रीकरणाच्या वेळी हे वाक्य सेटवर कुणी बोललंच नव्हतं. पोशाखात होता तो डेव्हिड प्राउज, आणि त्याला वेगळंच वाक्य दिलेलं होतं, की ओबी-वाननं तुझ्या बापाला मारलं. खरं काय ते ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलला दृश्याच्या थोडं आधी कानात सांगितलेलं. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात बसवलं. म्हणजे त्या पोराच्या चेहऱ्यावर जो आकांत दिसतो तो त्या जागी न बोललेल्या वाक्यावरचा आहे! हे कळल्यापासून मी ते दृश्य आवाज बंद करून एकदा पाहिलं. तूही बघ.

'अपोलो 13'बद्दल तुला माहीतच असेल. 1970 मध्ये यानातून खरे शब्द आले ते भूतकाळातले होते, अडचण 'आली होती' अशा अर्थाचे. 1995 च्या सिनेमानं त्याचं 'वी हॅव अ प्रॉब्लेम' केलं. लोकांना नंतर जे करावं लागलं असतं ते सिनेमावाल्यांनीच आधी करून टाकलं.

एकदा या वाटेला लागलो आणि किती तरी संवादांच्या जन्मकथा आठवत गेलो. 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या पटकथेत एवढंच होतं, की ट्रॅव्हिस आरशात स्वतःशी बोलतो. काय बोलतो ते नव्हतं, ते रॉबर्ट डी नीरोनं तिथल्या तिथे काढलं. 'जॉज'मधलं 'तुम्हाला मोठी बोट लागणार' हेही पटकथेत नव्हतं, ते रॉय शायडरनं तोंडातली सिगारेट सांभाळत सोडून दिलं. 'कासाब्लांका'चं शेवटचं वाक्य, सुंदर मैत्रीची सुरुवात म्हणतात ते, चित्रीकरण संपल्यावर सुचलं. रिक झालेल्या हम्फ्री बोगार्टला परत बोलावून नुसता आवाज घेतला. आणि 'सम लाइक इट हॉट'चा शेवट! पुरुष असूनही बाईचं सोंग घेतलेला जॅक लेमन शेवटी टोप काढून ओरडतो, की अहो, मी पुरुष आहे. तो म्हातारा कोट्यधीश ढिम्म हलत नाही. 'वेल, नोबडीज परफेक्ट.' बिली वाइल्डर आणि आय. ए. एल. डायमंड यांनी ते तात्पुरतं टाकून ठेवलं होतं, यापेक्षा बरं सुचेपर्यंत. बरं सुचलं नाही. सिनेमा 1959 चा आहे. एवढ्या वर्षांत आणखी कुणाला तरी सुचलंय का?

यावरून साहजिकच आपल्या 'बनवाबनवी'कडे आलो. यादीत त्यातलं काय घ्यायचं यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. 'धनंजय माने इथेच राहतात का?' हे तर आपण एकमेकांच्या दारात उभं राहून इतक्या वेळा विचारलंय, की ते संवाद राहिलंच नाही, ती आपली बेल आहे. पण मी निवडलं ते 'हा माझा बायको'. लेकीला हे एवढं नक्की समजावून सांग, कारण हे मराठीशिवाय जगूच शकत नाही. धनंजय घरमालकिणीसमोर आपल्या साडीतल्या मित्राची ओळख करून देतोय, डोळ्यांना बाई दिसतेय, मनाला पुरुष माहीत आहे, आणि जीभ मनाचं ऐकते. सगळा विनोद 'ही माझी' आणि 'हा माझा' यांच्यामधल्या मात्रांमध्ये आहे. आता हे इंग्रजीत कर पाहू. तिथे 'माय' बाईलाही माय आणि बाप्यालाही माय, विनोद जागच्या जागी गतप्राण. वसंत सबनिसांनी 1988 मध्ये अख्खी पटकथा व्याकरणातल्या एका लिंगदोषावर क्षणभर तोलून दाखवली आणि अशोक सराफनं ती जीभ अशी घसरवली, की घसरल्याचं त्यालाच आधी कळत नाही. नोबडीज परफेक्टच्या शेजारी मी हे बिनदिक्कत बसवतो.

अमेरिकेत 2005 मध्ये एका चित्रपट संस्थेनं शंभर सिनेसंवादांची क्रमवारी लावली होती, त्यात पहिला नंबर 'गॉन विथ द विंड'मधल्या रेट बटलरच्या जाता जाताच्या वाक्याला, 'फ्रँकली, माय डिअर, आय डोन्ट गिव्ह अ डॅम.' असेल बापडा. (मूळ कादंबरीत त्यातला 'फ्रँकली' नाही, तो सिनेमानं घातला, आणि माझ्या मते सगळी मजा त्याच शब्दात आहे.) पण क्रमवारी कसली लावायची? हे काय शर्यतीतले घोडे आहेत?

आता मी जे लिहिणार आहे त्यासाठीच बहुधा एवढी पानं खरडत बसलो.

चार नंबरला मी 'इतना सन्नाटा क्यों है भाई' लिहिलं होतं. हे वाक्य आपल्या ग्रुपवर किती वेळा पडलंय, मोजता येणार नाही. दोन दिवस कुणी काही बोललं नाही की कुणीतरी हे टाकायचं आणि मग धडाधड चेहरे हसायला लागायचे. मीच सगळ्यात जास्त वेळा टाकलं असेल. 'शोले' लहानपणापासून इतका पाठ, की तो पाहायची गरजच वाटत नव्हती. परवा पाहिला. वाक्य कुणाचं आहे? रहीम चाचांचं. ए. के. हंगल. आंधळा म्हातारा. त्याच्या अहमदचं प्रेत गावात आलंय, सगळं गाव भोवती उभं आहे, सगळ्यांना दिसतंय, आणि ज्याचा मुलगा त्या एकट्यालाच दिसत नाही. तो विचारतो, एवढी शांतता का आहे रे. कुणाचीही जीभ उचलत नाही. मग थोड्या वेळानं तोच म्हातारा जगातलं सगळ्यात जड ओझं कुठलं ते सांगतो, बापाच्या खांद्यावर मुलाचा जनाजा.

तुझे बाबा गेले त्या संध्याकाळी मी ग्रुपवर हेच टाकलं होतं. चार दिवस सगळे गप्प होते, मला वाटलं, नेहमीसारखंच. इतरांना कळलेलं होतं. मी प्रवासात होतो, मला सांगायचं राहून गेलं होतं. कुणी उत्तर दिलं नाही, हसरा चेहराही आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. तो मेसेज काढून टाकावा म्हणून फोन हातात घेतला आणि काढला नाही, कारण तू तो वाचलेला दिसत होता.

त्याबद्दल मी तुझ्याशी कधीच बोललो नाही. बारा दिवसांनी तूच, ग्रुपवर नव्हे, मला एकट्याला लिहिलंस, 'अरे ओ सांभा.' बाकी काही नाही. मी 'पूरे पचास हज़ार' असं उत्तर टाकलं आणि फोन उलटा ठेवून रडलो. तुला वाटलं असेल, विषय संपला. आपल्या दोघांचे सगळे विषय असेच संपतात, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या ओळींनी. पण या एका बाबतीत मला माझ्या स्वतःच्या शब्दांत सांगायचंय: चुकलं. त्या दिवशी त्या गावात आंधळा मी होतो. फक्त चाचांसारखी माझी काही चूक नव्हती असं म्हणता येत नाही, कारण चार दिवस गप्प असलेल्या मित्राला एक फोन करता आला असता.

असो. चार नंबर मी खोडलेला नाही, पण ते वाक्य आता विनोदासाठी वापरत नाही. तुझ्या लेकीनं ते कुठेतरी गमतीतच ऐकलेलं असणार. तिला हसू दे, फक्त एकदा सिनेमा दाखव.

'शोले'वरून एक आठवलं. या सिनेमाच्या नुसत्या संवादांच्या रेकॉर्ड निघाल्या होत्या, पॉलिडोरनं काढल्या. गाण्यांच्या नव्हे, संवादांच्या, आणि लोकांनी त्या विकत घेऊन घरी बसून ऐकल्या. मी आधी म्हटलं, की वाक्य प्रसंगातून काढलं की मरतं, त्याला हा सणसणीत अपवाद. पण मग वाटलं, रेकॉर्डवर नुसते शब्द कुठे होते? खडकावर घासत येणारा पट्टा होता, गब्बरचा तंबाखू मळत घेतलेला वेळ होता, 'कितने आदमी थे' च्या आधीची शांतता होती. अमजद खानचा तो सावकाशपणा कागदावर कसा उतरवायचा? टिंबं टिंबं देऊन?

मराठीतला एक मात्र कागदावरही तग धरतो. 'मारुती कांबळेचं काय झालं?' 'सामना' तिला अजून दाखवू नकोस, किंवा दाखवच, सोळाव्या वर्षी मी पाहिला असता तर बरं झालं असतं. विजय तेंडुलकरांनी या वाक्यात काहीच घातलेलं नाही बघ. ना अलंकार, ना चमक. एक नाव आणि एक साधा प्रश्न, कुणीही कुणाबद्दलही विचारावा असा. दारूत बुडालेले श्रीराम लागूंचे मास्तर तो पहिल्यांदा विचारतात तेव्हा तो नुसता कुतूहलाचा असतो. मग तो पुन्हा येतो. आणखी पुन्हा. आणि दर वेळी निळू फुल्यांच्या हिंदूरावाच्या चेहऱ्यावरची एकेक शीर ताठत जाते. तीच अक्षरं, तोच क्रम, पण पाचव्या वेळेला त्या प्रश्नात फास तयार झालेला असतो. 1975 मध्ये हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. तिथल्या लोकांना मारुती हे नाव नवीन, कांबळे हे नाव कुठून आलं ते ठाऊक नाही, तरी तो प्रश्न त्यांना कळला असणार असं मला वाटतं. उत्तर द्यायची वेळ आली की ताठणारी शीर सगळीकडे सारखीच असते.

शेवटच्या तीन जागा अजून रिकाम्या आहेत. त्यातली एक मी ओझूच्या 'टोकियो स्टोरी'साठी धरून ठेवलीय, पण लिहायचं काय हेच ठरत नाही. 1953 चा सिनेमा. आई गेली, अंत्यविधी झाले, मोठी भावंडं घाईघाईनं आपापल्या कामाला निघून गेली. धाकटी क्योको चिडलेली आहे. ती विधवा वहिनीला, नोरिकोला, विचारते. इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचा अर्थ असा येतो: आयुष्य निराशाच करतं, नाही का? नोरिको म्हणते, हो, करतं. आणि हसते. सेत्सुको हाराचं ते हसू! जपानी शब्द मात्र निराशेचे नाहीत म्हणे, ते साधे आहेत, किती नकोसं असतं ना हे जग, अशा वळणाचे, घरातली मुलगी वैतागून म्हणेल तसे. म्हणजे मी इतकी वर्षं ज्या वाक्यावर जीव टाकला ते ओझूचं नव्हतंच, सबटायटल लिहिणाऱ्या कुणाचं तरी होतं. आणि तरी ते हसू त्या वाक्याला चपखल बसतं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी क्योकोच्या बाजूनं होतो. या वेळी लक्षात आलं, की मला त्या निघून गेलेल्या भावंडांचा रागच येत नाहीये. गाडीची वेळ असते, कामं असतात. ज्याँ रेन्वार 'रूल्स ऑफ द गेम'मध्ये स्वतःच्याच तोंडून म्हणून गेलाय ना, की भयंकर गोष्ट ही आहे की प्रत्येकाकडे आपापली कारणं असतात.

तुझी लेक क्योकोच्या बाजूनं असेल. असू दे.

तर अशी ही यादी. सातच्या पुढे सरकली नाही, आणि सातातल्याही दोन खोडलेल्या. तिला वहीची पानंच फोटो काढून पाठवतो, खाडाखोडीसकट. तिच्या अटीवर एक अट माझी: राहिलेल्या तीन जागा तिनं भराव्यात, आणि त्यात एक तरी असा सिनेमा असावा जो आपण दोघांनी पाहिलेला नाही. मग आपण तो एकाच रात्री, आपापल्या घरी, एकाच वेळी लावू. मध्ये फोन करायचा नाही. संपल्यावर करायचा.

आईंना नमस्कार सांग. बाबांच्या खोलीतला तो जुना प्रोजेक्टर चालतोय का रे अजून?

तुझाच,
सांभा

ता. क. लेखी हवं होतं ना? घे. 'अगेन' नाही. मी हरलो. पण रिक रात्री काय म्हणतो ते एकदा नीट ऐक आणि मग मला सांग.